रोलिंग डिस्ट्रोवर डेस्कटॉपचं मोठं अपडेट: कधी घ्यायचं, कधी थांबायचं?

(फोरमवरची चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. रोलिंग डिस्ट्रो म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट होत राहणारी लिनक्स, जशी आर्च.)

उंबरठा

मशीन असं आहे: आर्च, केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप (एक्स११ या जुन्या चित्रपद्धतीचं सेशन), एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० कार्ड. रूट (सिस्टीमचा मुख्य भाग) बीटीआरएफएस फाइल सिस्टीमवर, स्नॅपर (सिस्टीमच्या जुन्या अवस्थेचे स्नॅपशॉट ठेवणारा) आणि स्नॅप-पॅक (प्रत्येक अपडेटला ते आपोआप घेणारा) बसवलेले. /बूट (कर्नलची जागा) वेगळ्या ५१२ एमबीच्या एफएटी पार्टिशनवर. एयूआरमधली (वापरकर्त्यांनी लिहिलेल्या पाककृतींवरून बांधायची) वीसेक पॅकेजं. मे २०२५ नंतर पूर्ण अपडेट झालेलं नाही. मशीन रोजच्या कामाचं आहे, त्यामुळे मधल्या दिवशी बंद पडून चालत नाही.

प्रश्न तीन:
१. प्लाझ्माची पॅकेजं 'इग्नोरपीकेजी'मध्ये (अपडेटमधून वगळायच्या यादीत) टाकून बाकी सगळं अपडेट केलं तर चालेल का?
२. डेस्कटॉपची नवी मोठी आवृत्ती आली की किती दिवस थांबावं?
३. स्नॅपशॉट आहेत म्हणजे परतीची वाट पक्की, असं धरायचं का?

सरळवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: स्पष्टपणे 'नाही'. बाकी सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून कारण नीट सांगतो.

आर्चमध्ये प्रत्येक लायब्ररीची साधारण एकच आवृत्ती असते आणि रेपोतली (डिस्ट्रोच्या अधिकृत साठ्यातली) सगळी पॅकेजं तिच्यावर बांधलेली असतात. प्लाझ्मा ज्या लायब्ररीवर उभा आहे त्या क्यूट ६ची नवी आवृत्ती येते तेव्हा क्यूटचे खासगी इंटरफेस वापरणारी पॅकेजं (खिडक्या सांभाळणारं केविन, प्लाझ्मा-इंटिग्रेशन वगैरे) पुन्हा बांधून तिच्याबरोबरच सोडली जातात. तुम्ही केविन रोखलं आणि क्यूट पुढे गेलं, तर जुनं केविन नव्या क्यूटवर चालवायचा प्रयत्न होतो. मग 'कॅनॉट मिक्स इनकंपॅटिबल क्यूट लायब्ररी' असा संदेश येतो किंवा लॉगिननंतर नुसता काळा पडदा दिसतो. क्यूटही रोखलं, तर क्यूटवर बांधलेली इतर पॅकेजं अडतात. यादी वाढत जाते आणि शेवटी तुम्ही एकट्याने स्वतःची डिस्ट्रो सांभाळत बसता.

आर्च अर्धवट अपडेटला आधार देत नाही, तो यामुळेच. पॅकमनच्या (आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) '-एसवाय'ला पॅकेजचं नाव जोडून एखादं पॅकेज बसवणं हाही तोच अपराध आहे: यादी ताजी, सिस्टीम जुनी.

थांबायचं असेल तर सगळंच थांबवा. त्याला दोन मार्ग आहेत. पहिला साधा: अपडेट चालवूच नका. दुसरा, आर्च लिनक्स अर्काइव्ह. तिथे रोजच्या तारखेचा संपूर्ण रेपो ठेवलेला असतो. मिररलिस्टमधल्या (डाउनलोड सर्व्हरच्या यादीतल्या) सर्व ओळी बंद करून अर्काइव्हचा पत्ता वर्ष/महिना/दिवस या क्रमाने एकाच ओळीत द्यायचा आणि पॅकमनला एसनंतर वाय आणि यू दोन-दोनदा देऊन चालवायचं. सिस्टीम त्या दिवशीच्या अवस्थेत जाते, गरज असेल तिथे पॅकेजं खालच्या आवृत्तीवरही उतरवते. सगळी पॅकेजं एकमेकांशी जुळलेली राहतात. मुद्दा तोच आहे.

'इग्नोरपीकेजी' पूर्ण टाकाऊ आहे असं नाही. ज्यावर दुसरं काही बांधलेलं नाही अशा पॅकेजला ते ठीक. पोस्टग्रेएसक्यूएल हे चांगलं उदाहरण: मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा तो सर्व्हर उघडत नाही, आधी स्थलांतर करावं लागतं. तिथे रोखणं योग्य. डेस्कटॉपला नाही.

पहारा

सगळं गोठवण्याला माझा अर्धा विरोध आहे, आणि तो सुरक्षेमुळे.

रोलिंग डिस्ट्रो जुन्या आवृत्तीत दुरुस्त्या मागे नेऊन देत नाही. सुरक्षेची दुरुस्ती हवी तर नवी आवृत्तीच घ्यावी लागते. रेपो गोठवला की ब्राउझर, ओपनएसएसएल, कर्नल सगळंच गोठतं. दोन-तीन आठवडे चालून जातं, सहा महिने नाही. थांबायचंच असेल तर निदान ब्राउझर आणि मेल क्लायंट फ्लॅटपॅकवर हलवा. ते रेपोपासून सुटे अपडेट होतात.

एक अट लक्षात ठेवा. एनव्हिडिया असेल तर फ्लॅटपॅकच्या आतला जीएल रनटाइम (ग्राफिक्स चालवणारा भाग) बाहेरच्या ड्रायव्हरच्या नेमक्या आवृत्तीचा लागतो. ड्रायव्हर बदलल्यावर फ्लॅटपॅक अपडेट चालवलं नाही, तर आतली अॅप्स मुकाट्याने सीपीयूवर चित्र काढू लागतात आणि दोष प्लाझ्माला दिला जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. एक्सझेड या फाइल आकुंचनाच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये पेरलेली चोरवाट २९ मार्च २०२४ रोजी उघड झाली. टंबलवीडमध्ये (ओपनसुसेच्या रोलिंग डिस्ट्रोत) ती ७ ते २८ मार्चपर्यंत होती. त्या तीन आठवड्यांत जो मागे होता, तो वाचला. पण एवढ्यावरून 'जुनं ते सुरक्षित' असा नियम काढू नये. ज्ञात भोकं जुन्यातच जास्त असतात.

तळटीप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, केडीईचं वेळापत्रकच ते सांगतं.

प्लाझ्माची मोठी आवृत्ती साधारण चार महिन्यांनी येते. तिच्या दुरुस्ती-आवृत्त्यांमधलं अंतर आठवड्यांत मोजलं तर १, १, २, ३, ५ असं असतं. आधीच्या दोन अंतरांची बेरीज म्हणजे पुढचं अंतर. प्लाझ्मा ६.०च्या तारखा पाहा: ६.०.० आली २८ फेब्रुवारी २०२४ ला, ६.०.१ सहा मार्चला, ६.०.२ बारा मार्चला, ६.०.३ सव्वीस मार्चला, ६.०.४ सोळा एप्रिलला, ६.०.५ एकवीस मेला.

सुरुवातीला आवृत्त्या दाट येतात, कारण मोठ्या संख्येने लोक वापरू लागले की चुकांचा पूर पहिल्या पंधरवड्यात येतो. म्हणून माझं माप असं: नेहमीच्या मोठ्या आवृत्तीसाठी .२, म्हणजे दोन आठवडे. पाया बदलणाऱ्या आवृत्तीसाठी (क्यूट ५ वरून ६, एक्स११च्या जागी नवी चित्रपद्धत वेलँड डीफॉल्ट होणं) .३, म्हणजे चार आठवडे. त्यापुढे थांबून मिळणारा फायदा झपाट्याने कमी होतो. .५ पर्यंत थांबलात तर बारा आठवडे गेले, पुढची मोठी आवृत्ती दारात उभी आणि मधल्या काळातली सुरक्षा-अपडेटं बुडालेली.

थांबण्याचं दुसरं नुकसान कमी बोललं जातं. तुमच्या मशीनवरचं मिश्रण दुसऱ्या कुणाकडेच नसतं. काही बिघडलं तर शोधून उत्तर सापडत नाही, आणि बग नोंदवला तर पहिला प्रतिसाद येतो 'आधी ताजी आवृत्ती घ्या'.

ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं वेगळं. मार्च आणि सप्टेंबर, वर्षातून दोनदा. तिथे गाभा सहसा नीट असतो, मोडतात ती एक्स्टेंशन्स. ग्नोम ४५ ने (सप्टेंबर २०२३) एक्स्टेंशन्सची जावास्क्रिप्ट मॉड्यूल पद्धत बदलली आणि जुन्या प्रत्येक एक्स्टेंशनमध्ये बदल करावे लागले. म्हणून ग्नोमवर दिवस मोजण्याऐवजी आपल्या एक्स्टेंशनच्या मेटाडेटा फाइलमध्ये 'शेल-व्हर्जन'च्या पुढे नवा आकडा लागला का, ते बघावं. लागला की अपडेट घ्या.

गाभा

तिसऱ्या प्रश्नावर थोडं विस्ताराने, कारण लोक इथेच फसतात.

बीटीआरएफएसचा रोलबॅक रूट सबव्हॉल्यूम (पार्टिशनमधला स्वतंत्र कप्पा) मागे नेतो. तुमचं /बूट एफएटीवर आहे, ते बीटीआरएफएसच्या बाहेर आहे. म्हणजे मागे गेल्यावर स्थिती अशी: कर्नलची प्रतिमा नवी, पण /यूएसआर/लिब/मॉड्यूल्समध्ये मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) जुन्या कर्नलची. बूट सुरू होतं, रूट माउंट होतो, मग एफएटीचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून /बूट माउंट होत नाही आणि मशीन आपत्कालीन शेलवर थांबतं. मॉड्यूलवर चालणारा कीबोर्ड असेल तर टाइपही करता येत नाही. स्नॅपशॉट बरोबर होता, पण अर्धाच मागे गेला.

सुटका: आर्चच्या लाइव्ह आयएसओवरून बूट करा, रूटचं सबव्हॉल्यूम /एमएनटीवर आणि एफएटी पार्टिशन /एमएनटी/बूटवर माउंट करा, आर्च-सीएचरूट करा (बसवलेल्या सिस्टीमच्या आत शिरा) आणि पॅकमनच्या कॅशमधून जुन्या कर्नलची फाइल '-यू'ने पुन्हा बसवा. कॅश /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजीमध्ये असते. 'पॅककॅश' डीफॉल्टने प्रत्येक पॅकेजच्या तीन आवृत्त्या ठेवतो, त्याखाली जाऊ नका.

आधीपासूनचा उपाय जास्त चांगला. /एटसी/पॅकमन.डी/हुक्समध्ये एक हुक (पॅकमनच्या व्यवहाराबरोबर आपोआप चालणारी आज्ञा) लिहा: कर्नलच्या फाइलला हात लागणार असेल, तर व्यवहाराच्या आधी आरसिंकने संपूर्ण /बूटची प्रत रूटवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये घ्यायची. हुक्स नावाच्या वर्णक्रमाने चालतात, म्हणून फाइलचं नाव '००'ने सुरू करा. तसं केलं तर प्रत आधी होते, स्नॅप-पॅकचा स्नॅपशॉट नंतर, आणि त्या स्नॅपशॉटमध्येच जुळणारं /बूट बसलेलं असतं. रोलबॅकनंतर ती प्रत परत /बूटवर टाकायची.

आणखी एक तपासा: /व्हार वेगळं सबव्हॉल्यूम आहे का? असेल तर पॅकमनचा डेटाबेस (/व्हार/लिब/पॅकमन) मागे जात नाही. फाइल्स जुन्या आणि डेटाबेस म्हणतो नव्या, असा घोळ होतो. लॉग आणि पॅकेज कॅश वेगळी ठेवायला हरकत नाही, पण डेटाबेस रूटबरोबरच हवा.

चौकट

टंबलवीडवर हा त्रास कमी का, ते यातून कळतं. तिथे ग्रब या बूटलोडरबरोबरच्या पारंपरिक मांडणीत /बूट रूटच्याच बीटीआरएफएसवर असतं, त्यामुळे कर्नल आणि मॉड्यूल्स एकत्रच मागे जातात. ग्रबच्या मेनूतून जुना स्नॅपशॉट फक्त-वाचन अवस्थेत उघडायचा, सगळं नीट चालतंय याची खात्री करायची, मग 'स्नॅपर रोलबॅक' देऊन पुन्हा बूट करायचं. शिवाय झिपर (तिथलं पॅकेज साधन) डीफॉल्टने ताजा, त्याच्या आधीचा आणि चालू असे कर्नल ठेवतो.

टंबलवीडचे नियम थोडक्यात: अपडेट नेहमी 'झिपर डप'ने, 'अप'ने नाही. पॅकमॅन रेपो (आर्चच्या पॅकमनशी संबंध नसलेला, बाहेरच्या मंडळींचा साठा) मुख्य स्नॅपशॉटच्या एखादा दिवस मागे असतो. झिपर विक्रेता बदलण्याचे किंवा पॅकेज काढण्याचे पर्याय पुढे करू लागला तर त्यातलं काही निवडू नका, रद्द करा आणि दोन दिवसांनी पुन्हा चालवा. अपडेटनंतर 'झिपर पीएस -एस' सांगतं की कोणत्या प्रक्रिया अजून पुसलेल्या जुन्या फाइल्सवर चालू आहेत.

ज्यांना पॅकेजं नवी हवीत पण मोठे बदल महिन्यातून एकदाच झेपतात, त्यांनी टंबलवीडचं संथ रूप स्लोरोल पाहावं. सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या मधेही येतात, मोठ्या आवृत्त्या साधारण महिन्याने.

उंबरठा

आर्चवर आधारित मांजारोची 'स्टेबल' शाखा हेच काम करत नाही का? आर्चमागे काही आठवडे राहते ना?

सरळवाट

करते, आणि तिथे रेपो एकत्रच पुढे सरकतो, त्यामुळे अर्धवट अपडेटचा दोष नाही. अडचण तुमच्या वीस एयूआर पॅकेजांची. एयूआरच्या पाककृती आर्चच्या आजच्या लायब्ररी गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मागे असलेल्या शाखेवर त्या कधी बांधल्याच जात नाहीत, कधी बांधल्या जातात पण चालत नाहीत. एयूआर कमी असेल तरच मांजारोचा विचार करा.

आर्चवर राहिलात तरी प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर 'रीबिल्ड-डिटेक्टर'मधलं 'चेकरीबिल्ड' चालवा. कोणतं एयूआर पॅकेज हरवलेल्या लायब्ररीवर टांगलेलं आहे, ते यादीने दाखवतं. पायथनचा दुसरा आकडा बदलला (३.१२ वरून ३.१३ असा) की पायथनची सगळी एयूआर पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात, कारण त्यांच्या फाइल्स जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात.

पहारा

स्नॅपशॉटच्या मुद्द्याला पुरवणी. /होम मागे जात नाही, जाऊही नये, नाहीतर आजचं काम पुसेल. पण प्लाझ्माच्या सेटिंग्ज /होममध्येच असतात आणि नवी आवृत्ती पहिल्याच लॉगिनला त्या बदलते. केडीईची ही सुधारणा एकाच दिशेने चालते, परत फिरवणारं काही नसतं. रूट मागे नेलात, तर जुना प्लाझ्मा नव्या सेटिंग्ज वाचतो: पॅनेल गायब, शॉर्टकट हरवलेले.

म्हणून मोठ्या अपडेटआधी .कॉन्फिग आणि .लोकल/शेअर यांची टार (एका फाइलमध्ये बांधलेली प्रत) करून ठेवा. परत टाकताना ग्राफिकल सेशनमधून पूर्ण बाहेर पडा आणि टीटीवायवरून (ग्राफिक्सशिवायच्या टर्मिनल पडद्यावरून) टाका, कारण प्लाझ्मा बाहेर पडताना आपली सेटिंग्ज पुन्हा लिहितो आणि तुमची प्रत पुसली जाते.

अपडेटनंतर काही विचित्र दिसलं तर आधी नवा यूजर तयार करून त्यातून लॉगिन करा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे, पॅकेजांत नाही. पाच मिनिटांच्या या चाचणीने अख्खा दिवस वाचतो. जुन्या थीम आणि प्लाझ्मॉइड (प्लाझ्माची छोटी जोड-अॅप्स) हे नेहमीचे गुन्हेगार. मोठ्या उडीआधी ब्रीझ थीमवर या.

गाभा

अपडेट चालू असतानाचंही सांगायला हवं. प्लाझ्माच्या टर्मिनलमधून प्लाझ्माच बदलत असाल आणि मधेच सेशन कोसळलं, तर टर्मिनल मरतं, त्याच्याबरोबर पॅकमन मरतो आणि व्यवहार अर्धा राहतो. टीटीवायवरून करा, निदान टीमक्सच्या (टर्मिनल मेलं तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनाच्या) आत तरी करा. स्क्रीन लॉक होऊ देऊ नका. लॉक करणारा प्रोग्रॅम जुना आणि खालच्या लायब्ररी नव्या झाल्या की 'स्क्रीन लॉकर मोडला आहे' असा काळा पडदा येतो. आलाच, तर दुसऱ्या टीटीवायवर जाऊन 'लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन'ला सेशनचा क्रमांक देऊन सुटका होते.

कर्नल बदलला असेल तर पुन्हा बूट करेपर्यंत काही काम सुरू करू नका. चालू कर्नलची मॉड्यूल्स पॅकमनने पुसलेली असतात, त्यामुळे तोवर लोड न झालेलं काहीही, उदाहरणार्थ पेनड्राइव्हची फाइल सिस्टीम, उघडत नाही. हार्डवेअर बिघडल्यासारखं वाटतं. बिघडलेलं नसतं.

ग्रब वापरणाऱ्यांसाठी: आर्चमध्ये ग्रबचं पॅकेज अपडेट झालं तरी बूटच्या जागी बसलेला ग्रब आपोआप बदलत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये यामुळेच अनेक मशीन अडकली. नवी कॉन्फिग फाइल बनली, तिच्यात नवी आज्ञा होती आणि बसलेल्या जुन्या ग्रबला ती कळत नव्हती. क्रम पाळा: आधी 'ग्रब-इन्स्टॉल', मग 'ग्रब-एमकेकॉन्फिग'.

तळटीप

आता उंबरठा यांच्या मशीनबद्दल. मे २०२५ पासून मध्ये तीन अडथळे आहेत. एकाच उडीत तिन्ही ओलांडलेत तर काय मोडलं ते कळणार नाही. दोन टप्पे करा.

तयारी. ५१२ एमबीचं /बूट तंग आहे. एमकेइनिटसीपीआयओच्या (बूटची सुरुवातीची प्रतिमा, इनिटरॅमएफएस, बनवणाऱ्या साधनाच्या) प्रीसेटमध्ये 'फॉलबॅक' असेल तर काढा आणि तिची प्रतिमा पुसा. हुक्समधून 'केएमएस'ही काढा, एनव्हिडिया ड्रायव्हरवर ते नूव्हो या दुसऱ्या, मुक्त ड्रायव्हरचं फर्मवेअर उगाच आत ओढतं. /बूट भरलं की इनिटरॅमएफएस अर्धी लिहिली जाते आणि मशीन उठत नाही. गाभा यांचा हुक लावा, /होमच्या सेटिंग्जची टार घ्या, लाइव्ह आयएसओचा पेनड्राइव्ह प्रत्यक्ष बूट होतो का ते बघा.

पहिला टप्पा: अर्काइव्हवर ३१ जुलै २०२५. यात दोन अडथळे येतात. पहिला फर्मवेअरचा. जून २०२५ मध्ये लिनक्स-फर्मवेअर अनेक पॅकेजांत विभागलं आणि एनव्हिडियाच्या फाइल्सची मांडणी बदलली. सरळ अपडेट केलं तर 'फाइल आधीच आहे' म्हणून थांबतं. आधी लिनक्स-फर्मवेअर '-आरडीडी'ने (अवलंबन न तपासता) काढा आणि लगेच '-एसवाययू'बरोबर पुन्हा बसवा. या दोहोंच्या मधे मशीन बंद करू नका.

दुसरा प्लाझ्मा ६.४ चा. केविनचे वेलँड आणि एक्स११ असे दोन भाग झाले आणि एक्स११ आपोआप येत नाही. त्याच आज्ञेत 'प्लाझ्मा-एक्स११-सेशन'चं नाव जोडा, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर तुमचं सेशनच दिसणार नाही. पुन्हा बूट करा आणि दोन-तीन दिवस काम करून बघा.

दुसरा टप्पा: आजचा रेपो. मिररलिस्ट पूर्ववत करा. आधी 'आर्चलिनक्स-कीरिंग' (पॅकेजच्या सह्या तपासायच्या किल्ल्या) एकटं '-एसवाय'ने घ्या आणि त्याच ओळीत लगेच '-एसयू' चालवायची तयारी ठेवा. अर्धवट अपडेटच्या नियमाला एवढाच अपवाद, तोही पुढची आज्ञा ताबडतोब दिली तरच.

तिसरा अडथळा इथे आहे. एनव्हिडियाच्या ५९० ड्रायव्हरने पास्कल पिढीची आणि त्याहून जुनी कार्डं सोडली. आर्चमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये तो आला. तुमचं १०६० पास्कल आहे. सरळ अपडेट केलंत तर ड्रायव्हर लोड होणार नाही आणि ग्राफिकल पडदा येणार नाही. एयूआरमधून ५८०एक्सएक्सची यूटिल्स आणि डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारी) पॅकेजं आधी बांधून फाइल्स तयार ठेवा, पण बसवू नका. ही बांधणी म्हणजे तयार ड्रायव्हरची नुसती पुनर्बांधणी असते, त्यामुळे आधी केली तरी चालते. मग टीटीवायवर जा, ग्राफिकल सेशन बंद करा, अधिकृत एनव्हिडिया पॅकेजं काढा, कीरिंगसह पूर्ण अपडेट चालवा, लिनक्स-हेडर्स आहेत याची खात्री करा आणि तयार फाइल्स '-यू'ने बसवा. एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नलही ठेवला असेल (ठेवावाच) तर त्याची हेडर्स वेगळी लागतात. शेवटी 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये प्रत्येक कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसल्याशिवाय पुन्हा बूट करू नका.

उंबरठा

एक्स११ किती दिवस पकडून ठेवता येईल?

तळटीप

प्लाझ्मा ६.८ पासून एक्स११ सेशन नसेल, असं केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. एक्स११वर लिहिलेली अॅप्स एक्सवेलँडमधून चालत राहतील, जातंय ते फक्त सेशन. तुमच्या कार्डवर वेलँडमधला पडदा लुकलुकण्याचा जुना दोष एक्स्प्लिसिट सिंकच्या (ड्रायव्हर आणि डेस्कटॉपमधल्या चित्राच्या ताळमेळाच्या) अभावामुळे होता. ड्रायव्हर ५५५ आणि प्लाझ्मा ६.१ एकत्र आल्यावर तो मिटला, आणि ५८० त्यापुढचाच आहे. पहिला टप्पा पार पडल्यावर नव्या यूजरमधून वेलँड सेशन उघडा. स्क्रीन शेअर, दोन पडद्यांचं वेगवेगळं स्केलिंग, झोपेतून जागं होणं आणि मराठी टंकन या चार गोष्टी तपासा. टंकनासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ ही साधनं वापरत असाल, तर प्लाझ्माच्या सेटिंग्जमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड'खाली तो निवडावा लागतो. नुसते जुने एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल ठेवून वेलँड अॅप्समध्ये देवनागरी उमटेलच असं नाही.